शटर ओढलं म्हणजे कंपनी बंद होत नाही

दि. ११ जून

प्रिय ताईस,

बोळक्याचा नमस्कार. आई बरी आहे, गुडघा सोडून. तू आणि तुझी लेक खारू मजेत असाल. वसतिगृहाच्या मुली तुला, त्यांच्या रेक्टरबाईला, छळत असतील आणि तू त्यांना, असं आई म्हणते.

फोनवर तू रडतेस, मी ओरडतो, आणि आई टीव्हीचा आवाज वाढवते. म्हणून पत्र. निदान पुरतं वाचशील तरी.

मी आणि हॉस्पिटलच्या लॅबमधला माझा सोबती मिळून कवळ्यांची छोटी लॅब काढायची म्हणत होतो, हे तुला माहीत आहे. जागा बघून झाली, रंगसुद्धा ठरला. मागच्या आठवड्यात कंपनी नोंदवायला गेलो, तर खिडकीतली मुलगी म्हणाली, "तुम्ही अपात्र आहात." इतक्या सहज म्हणाली, जणू सुट्टे नाहीत म्हणून सांगतेय.

मी म्हटलं, "कशासाठी अपात्र?"

"कुठल्याच कंपनीचे संचालक होता येणार नाही. तुमच्या आधीच्या कंपनीने सलग तीन वर्षं काही भरलेलं नाही."

"ती कंपनी बंद आहे हो. चार वर्षं झाली."

"कोणी बंद केली?"

"आम्हीच. शटर ओढलं."

ती हसली. हसून शेजारच्या खिडकीतल्या माणसालाही तिने ते सांगितलं, मग तोही हसला. ताई, शटर ओढलं म्हणजे कंपनी मरत नाही. ती कागदावर श्वास घेत पडून राहते. धंदा असो नसो, दर वर्षी मुदतीच्या आत जाऊन लिहून द्यावं लागतं की यंदा आम्ही काहीही केलं नाही. ते आपण लिहून दिलं नाही. म्हणजे काही केलं नाही याचा दंड नाही, ते कळवलं नाही याचा दंड, आणि तो रोज वाढतो. मी जेवतोय, झोपतोय, आईला मलम चोळतोय, आणि तो वाढतोय. मला त्या इमारतीचाच उबग आलाय. जिन्यात लोक थुंकतात आणि वर भिंतीवर स्वच्छतेची पाटी.

कंपनी रीतसर बंद केली तरच मी मोकळा होईन, आणि बंद करण्याच्या अर्जात आत काय काय आहे ते लिहावं लागतं, म्हणून परवा आपली जुनी लॅब उघडली. ताई, मला वर्णन करवत नाही, पण तुला सांगितल्याशिवाय राहवतही नाही. भिंतीभर ते प्लास्टरचे जबडे आहेत ना, गिऱ्हाइकांचे साचे, ते सगळे ओल धरून काळेहिरवे झालेत. एक उचलला तर दातांमधून झुरळ बाहेर आलं. मेणाच्या पट्ट्यांत उंदरांनी पिल्लं घातली होती. हिरड्यांचा गुलाबी रंग डब्यात गोठून जिभेसारखा झालाय. दाजींच्या टेबलावर त्यांचा कप तसाच, आत केसाळ बुरशी. मी बाहेर येऊन गटारापाशी बसलो.

आता मुद्दा. हिशेबनीस म्हणतो, अर्जावर दोन्ही संचालकांच्या सह्या हव्यात. मी म्हटलं, माझे दाजी चार वर्षांपूर्वी मशीन बघायला म्हणून गेले ते परत आले नाहीत, पोलिसांत तक्रार आहे. तो पेनच्या टोपणाने कान कोरत होता. टोपण बघितलं, पुसलं, आणि म्हणाला, "जुनी सही असेल ना कशावर तरी? बघून मारून टाका. सगळे मारतात."

घरी येऊन दोनदा मारून पाहिली. हुबेहूब आली. कागद फाडून टाकला.

दुसरा रस्ता कोर्टाचा. दाजी बेपत्ता आहेत असं जाहीर करून घ्यायचं, आणि तो अर्ज त्यांची बायको म्हणून तुला करावा लागेल. शिवाय कंपनीत एक शेअर तुझ्या नावावर आहे, त्यामुळे तुझीही संमती लागेल. मला माहीत आहे मी काय मागतोय. रागावून का होईना, लिही.

तुझा,
बोळक्या


दि. ९ जुलै

प्रिय ताईस,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं नाही. तिने मागितलंही नाही, फक्त पाकिटावरचं तुझं अक्षर बघून म्हणाली, "दाबून लिहिलंय."

तू म्हणतेस, ते मानी आहेत, धंदा बुडाला म्हणून तोंड दाखवत नाहीत. येईपर्यंत पाटी उतरवायची नाही. बेपत्ता हा शब्द तू कागदावर लिहिणार नाहीस. बरं. त्यावर मी वाद घालत नाही.

इकडची हालहवाल अशी. आईचा गुडघा आता जिन्याला घाबरतो. खालच्या मजल्यावरचे काका स्वतःच्या कवळीला कुत्र्यासारखं नाव देऊन हाका मारतात, कारण ती कुठेही सापडते. मागच्या खेपेला फ्रिजमध्ये होती.

लॅब रिकामी केली. कचरागाडीवाल्याने पोती उघडून बघितली आणि दोन पावलं मागे सरला. "माणसांचं आहे का हे?" मी म्हटलं, प्लास्टर आहे. "मग दात कशाला आहेत?" शेवटी मी अंगणात बसून हातोडीने सगळे जबडे फोडले, तेव्हा कुठे त्याने नेले. दिवसभर तोंडात प्लास्टरची चव होती. तू जपून ठेवायला सांगितलेला दाजींचा अ‍ॅप्रन ठेवलेला नाही. त्याला वास येत होता.

हॉस्पिटलात काम बरंच आहे. मध्यंतरी एक आजीबाई फुटलेली कवळी घेऊन आल्या होत्या, मुलीकडे राहायला आल्यात म्हणे. नंतर दोन दिवस मी बाहेरगावी होतो, कामासाठी. येताना बसमध्ये उलट्या झाल्या. खिडकीशी बसलो होतो म्हणून निभावलं. शेजारच्या माणसाने लिंबू दिलं, भला होता.

खारूचा निकाल कळला. गणितात तिला आपल्या घराण्याच्या मानाने फारच मार्क आहेत, चौकशी कर.

हां, आणि सही मिळाली आहे. म्हणजे कोर्टाचं काही नको आता. तू फक्त शेअरवाली म्हणून संमतीच्या कागदावर सही करून पाठव, सोबत ठेवलाय. पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे. लवकर पाठव.

तुझा,
बोळक्या


दि. २० जुलै

ताई,

तुझं कार्ड मिळालं. पत्ता सोडला तर एकच ओळ. "सही कोणी केली?"

त्याने केली. स्वतःच्या हाताने, माझ्यासमोर.

मी हे तुला लिहायचं नाही असं बसमध्येच ठरवलं होतं. कागद मिळाला, काम झालं, बाकीचं गिळून टाकायचं. मागच्या पत्रात गिळलंच होतं. पण तू मला लहानपणापासून तोंड उघडायला लावून आत बघत आलीस, कुठला दात हलतोय म्हणून. तुझ्यापासून काही लपवणं मला कधी जमलंय?

त्या आजीबाईंपासून सांगतो. त्यांची कवळी मधोमध तडकली होती. मी पाण्याखाली धरली आणि हात थांबला. सुळ्याच्या वरच्या अंगाला हिरडीवर एक बारीक, तिरपी खाच होती. ती खाच कोणी शिकवत नाही. खरी हिरडी अशीच असते असं म्हणत तो प्रत्येक कवळीवर ती कोरायचा, आणि मी पॉलिश करताना ती पुसली गेली की मला शिव्या घालायचा. मी आजींना विचारलं, कवळी कधीची? त्या म्हणाल्या, "यंदाचीच की. आमच्या गावात चष्म्याच्या दुकानामागे बसतो तो. फार हसरा माणूस. गाणं म्हणत काम करतो."

दुसऱ्याच दिवशी अर्ज घेऊन गेलो. वाटेत मी मनात बरीच भाषणं तयार केली. एका भाषणात तो रडत होता. एकात त्याला काही आठवत नव्हतं. तू इतकी वर्षं जे जे म्हणत आलीस ते सगळं मी त्याच्या बाजूने बोलून पाहिलं. तुला हे कळावं म्हणून सांगतो, की मीही आशा धरूनच गेलो होतो.

चष्म्याच्या दुकानाच्या बाजूने बोळ आहे, बोळाच्या टोकाला खोली. पंखा, दोन टेबलं, नवी कोरी भट्टी. तो पाठमोरा होता. जाड झालाय. केस रंगवलेत, मानेपाशी रंग कातडीला लागलेला. त्याने वळून बघितलं आणि म्हणाला, "अरे बोळक्या! ये, ये. चहा घेणार?"

जणू मी कोपऱ्यावर बिस्किटं आणायला गेलो होतो.

मी म्हटलं, "सही हवी आहे."

"कशावर?"

"कंपनी बंद करायचीय."

त्याने हात पुसले, चष्मा लावला आणि अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. मग विचारलं, "दंड बराच बसला असेल?"

मी आकड्यावर बोट ठेवलं.

"वेळच्या वेळी भरायला हवं होतंस रे. शून्य व्यवहार म्हणून लिहून टाकायचं, किती वेळ लागतो? इथली कंपनी हिच्या नावावर आहे, पण कागद मी बघतो. एक मुदत चुकवत नाही."

ताई, समोर ओल्या प्लास्टरचा वाडगा होता. तो त्याच्या तोंडात कोंबावा असं इतकं वाटलं, की मी हात पाठीमागे घट्ट धरले. ज्याने बायकोला चार ओळी टाकल्या नाहीत, तो मला मुदती शिकवत होता. आणि चिडवून नव्हे, आपुलकीने. इतक्या वर्षांत मी इतका गलिच्छ प्रकार बघितला नाही, आणि मी लोकांची तोंडं बघून पोट भरतो.

मग म्हणाला, "ती पॉलिशची मोटर विकलीस का? फार चांगली होती."

मोटर विचारली. तुझं विचारलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "खारू सातवीत गेली."

"हो? छान," म्हणाला. सही केली आणि शाईवर फुंकर मारली.

तेवढ्यात आतल्या दारातून एक बाई चहा घेऊन आली. साधी, थकलेली, हाताला पीठ. वाईट दिसली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "कोण हे?" तो म्हणाला, "जुन्या कामावरचा माणूस." तिला काही माहीत नाही, ताई. एवढं तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आणि मीही गप्प राहिलो. ती "घ्या ना" म्हणाली आणि मी तिचा चहा घेतला. बसमध्ये जे बाहेर पडलं ते हेच होतं.

इथपर्यंतच सांगावं असं वाटतंय. पण मग तू म्हणशील, धंदा बुडाला, धीर सुटला, नंतर एकटेपणात कोणीतरी भेटली. तू त्याला माफ करायला वाट शोधशील, तुला ती सवयच आहे. म्हणून उरलेलंही लिहितो.

मी निघणार तोच शाळेतून एक मुलगी आली. पाठीवर दप्तर, पुढचे दोन दात पडलेले. "बाबा, अजून एक हलतोय!" त्याने तिला मांडीवर घेतलं, बोट घालून दात हलवून बघितला आणि म्हणाला, "ओढायचा नाही, आपोआप पडू द्यायचा." अगदी खारूला म्हणायचा तसंच, त्याच आवाजात. मी तिला विचारलं, कितवीत आहेस? म्हणाली, "पहिलीत."

ताई, तो जाऊन चारच वर्षं झालीत.

दर महिन्याला तो सामान आणायला बाहेरगावी जायचा, आठवतं? तू डबा करून द्यायचीस. आधी धंदा बुडाला आणि मग तो गेला, असं नाही. तो आधीच तिकडे होता. इकडे फक्त जेवायला आणि सह्या करायला येत होता.

मी त्याला मारलं नाही. तू विचारशील म्हणून सांगतो. हातात कागद होता, तो चुरगळला असता.

आता त्याला 'ते' म्हणायला मला जमणार नाही. आईला सांगितलं. तिने बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवला आणि मग म्हणाली, "तिला एकटीला वाचू नकोस म्हणावं, कोणाला तरी जवळ बसव." ते आधी लिहायला हवं होतं. राहिलं.

संमतीच्या कागदाची घाई नाही. दंड वाढू दे.

बोळक्या


दि. १७ ऑगस्ट

प्रिय ताईस,

नमस्कार. आई बरी आहे. तुझ्या पाकिटात पत्र नव्हतं, नुसता सही केलेला कागद होता. मी तो दोनदा झटकून पाहिला, मग उलटा करून पाहिला. चालेल. लिहावंसं वाटेल तेव्हा लिही.

खारूला तू सांगितलंस हे तिच्या फोनवरून कळलं. रडली नाही. बराच वेळ आजीच्या गुडघ्याचं, शाळेचं, कसलं कसलं बोलत राहिली आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "मामा, तिचे पण दात पुढे आहेत का?" मी म्हटलं, "सध्या पडलेत. आले की कळेल." त्यावर ती "बरं" म्हणाली.

आता जे लिहायचं ते लिहायची माझी इच्छा नाही. तू सही माहेरच्या आडनावाने केलीस. पाकीट उघडलं तेव्हा मी लॅबमध्ये होतो. सोबत्याने विचारलं, काय झालं रे, हसतोयस काय? मी कागद त्याला दाखवला. त्याला काही कळलं नाही.

तोच कागद आज परत आला. वर लाल शेरा, "भागधारकाची सही नोंदीशी जुळत नाही."

मी गेलो आणि भांडलो. खिडकीत तीच मुलगी होती. तिने नियम वाचून दाखवला. नाव बदललं असेल तर आधी नावबदलाचा अर्ज, त्याला घटस्फोटाचा दाखला, त्याला कोर्टाचा निकाल, आणि तोवर कंपनी चालू, दंडही चालू. मी म्हटलं, "बाई, तो माणूस तिला टाकून गेलाय. त्याच्या नावाने सही करायची तिला शिसारी येते, हे कुठल्या रकान्यात लिहू?" मागे रांग होती. ती मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "त्यांना सांगा, एकदाच करा. माझीसुद्धा सही सगळीकडे अजून नवऱ्याच्याच आडनावाने चालू आहे. निदान त्यांची एक तरी जागा मोकळी होईल."

त्या इमारतीत मला पहिल्यांदाच कोणाचा तिटकारा वाटला नाही.

म्हणून नवा कागद सोबत पाठवतोय. ताई, तुझ्याकडे मागू नये ते मागतोय. त्या आडनावाने अजून एकदा सही कर. सुवाच्य कर, पूर्ण कर, म्हणजे पुन्हा मागणार नाहीत. आई म्हणाली, तिला सांग, सही झाली की पेन फेकून दे. मी म्हटलं, पेनने काय केलंय? तर माझ्यावरच डाफरली.

त्यानंतर बँकेत, खारूच्या शाळेत, घराच्या दारावर तुला हवं ते नाव लिही. अर्ज मी आणून देईन, रांगेत मी उभा राहीन. घटस्फोटाचंही तू म्हणशील तेव्हा. त्याला कोणतीच मुदत नाही.

याला मात्र आहे. तीस तारीख. तू पाठवलंस की त्याच दिवशी जाऊन देईन. मग ती कंपनी खरंच बंद होईल, तिच्या कागदावर त्याच्या नावाशेजारी तुझं नाव उरणार नाही.

वाट बघतोय. यावेळी उशीर नको, ताई.

तुझा, आणि तुझ्याच आडनावाचा,
बोळक्या